लाल मुनिया आणि हिरवी मुनिया : बहिणी दोघी, नशीब वेगळे



पोळा झाला की आपल्या समुद्रपूर तालुक्यात गवत कमरेइतके वाढते. धुऱ्यावर, नाल्याच्या काठावर, पांदणीच्या दोन्ही अंगांना गवताला तुरे येतात. हळूहळू त्या तुऱ्यांत बी भरते. आपल्याला ते नुसते गवत दिसते. पण काही इवल्या पाखरांसाठी ते भरलेले कोठार असते. त्या पाखरांचे नाव आहे मुनिया. काही पुस्तकांत त्यांना मनोली असेही म्हटले आहे.

आज आपण दोन मुनियांची माहिती घेऊ. एक लाल आणि दुसरी हिरवी. दोघी अगदी जवळच्या नात्यातल्या. आकार सारखा, खाणे सारखे, राहणीही बरीचशी सारखी. पण एक अजून पुष्कळ ठिकाणी दिसते आणि दुसरी धोक्यात आली आहे. असे का झाले असेल? हे समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यातला थोडा भाग आपल्या वावराच्या धुऱ्यापर्यंत येतो.

मुनिया म्हणजे कोण?

मुनिया दिसायला चिमणीसारखी, पण चिमणीपेक्षा पुष्कळ लहान. आपली घरातली चिमणी सुमारे १५ सेंटिमीटर लांब असते. लाल आणि हिरवी मुनिया फक्त १० सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे मुठीत मावेल एवढी. वजन साधारण १० ग्रॅम. गवताच्या काडीवर बसली तरी काडी मोडत नाही, जरा वाकते एवढेच.

तिची चोच नीट पाहिली तर तिचे खाणे कळते. चोच आखूड, जाड आणि टोकदार असते. अशी चोच बी फोडण्यासाठीच असते. गवताचे बारीक बी हे मुनियाचे मुख्य अन्न. अधूनमधून ती वाळवीसारखे किडेही खाते. ती एकटी क्वचितच फिरते. थव्याने येते, थव्याने खाते आणि थव्याने उडते.

आपल्या भागात मुनियांच्या आणखीही जाती आहेत. छातीवर ठिपके असलेली ठिपकेवाली मुनिया असते. मातकट पाठीची, पांढरट गळ्याची एक साधीसुधी मुनियाही असते. ही साधी मुनिया कधी कधी सुगरणीच्या सोडलेल्या खोप्यात संसार थाटते. पण आजचा आपला विषय लाल आणि हिरवी या दोघीच.

लाल मुनिया

पावसाळ्यात लाल मुनियाचा नर पाहिला की डोळे निवतात. सगळे अंग कुंकवासारखे लाल आणि त्यावर बारीक पांढरे ठिपके. जणू कोणी लाल कापडावर तांदळाचे दाणे विखरून टाकले आहेत. मादी मात्र साधी, मातकट रंगाची. पण तिची चोच लाल असते आणि शेपटीच्या वरचा भागही लाल असतो. ही खूण लक्षात ठेवली की मादी ओळखता येते.

गंमत अशी, की हा नर बारा महिने लाल नसतो. विणीचा हंगाम संपला की तो हा पोशाख उतरवतो आणि जवळजवळ मादीसारखा मातकट होतो. पुढच्या पावसाळ्याच्या सुमाराला पुन्हा लाल. चोचीचा रंगसुद्धा बदलतो, बरं का! मे महिन्यात ती लाल होऊ लागते, हिवाळ्याच्या तोंडाला गडद होते आणि एप्रिलमध्ये काळपट पडते. म्हणजे ही मुनिया चोचीवर कॅलेंडर घेऊनच फिरते म्हणा ना.

तिची वीण पावसाळ्यात आणि त्यानंतर होते. पुष्कळ पक्षी उन्हाळ्यात घरटी बांधतात. मग हिने पावसाळा का निवडला? उत्तर सोपे आहे. गवताला बी धरते ते पावसाळ्याच्या मध्यापासून पुढे. पिल्ले मोठी होत असताना कोठार भरलेले हवे. ती गवताच्या पात्यांचे चेंडूसारखे गोल घरटे बांधते. ते जमिनीपासून फार उंच नसते, गवतात किंवा झुडपात लपवलेले असते. अंडी पांढरी, बहुधा पाच-सहा.

पाण्याजवळचे उंच गवत, लव्हाळी, तळ्याकाठचे पानकणीस ही तिची आवडती जागा. आपल्या तालुक्यात वणा आणि पोथरा नद्यांचे काठ, धरणाच्या मागचे गवताळ काठ आणि ओढेनाले अशा जागी तिला शोधावे.

हिरवी मुनिया

हिरवी मुनिया म्हणजे निसर्गाने सावकाश बसून रंगवलेले पाखरू. पाठ हिरवी, पोट पिवळे, चोच लालभडक. दोन्ही कुशींवर काळ्यापांढऱ्या आडव्या पट्ट्या, जशा झेब्र्याच्या अंगावर असतात तशा. मादीचे रंग जरा फिके आणि पट्ट्या पुसट. लाल मुनियाच्या नरासारखा हिचा नर दरवर्षी पोशाख बदलत नाही.

उंच गवत, झुडपी रान, शेताच्या कडा आणि पाण्याजवळच्या जागा तिला आवडतात. उसाच्या फडातही ती घरटे करते, अशा जुन्या नोंदी आहेत. तिचेही घरटे गोल, गवताच्या पात्यांचे. तीसुद्धा थव्याने राहते आणि गवताचे बी खाते.

मग फरक कुठे? फरक आहे तिच्या मुलखात. हिरवी मुनिया साऱ्या जगात फक्त भारतात आढळते. तीही सगळ्या भारतात नाही. राजस्थानचा दक्षिण भाग आणि मध्य भारत हा तिचा मुख्य मुलूख, आणि त्यातही ती तुटक तुटक जागी दिसते. राजस्थानातील माउंट अबूचा डोंगर तिच्यासाठी प्रसिद्ध आहे. तिला पाहायला लांबून पक्षिनिरीक्षक तिथे जातात. महाराष्ट्रात तिच्या नोंदी विरळ आहेत. म्हणून आपल्याकडे ती रोज दिसेल अशी आशा धरू नये.

दोघींची तुलना

खालच्या ओळी वहीत उतरवून घ्याव्यात.

१. आकार : दोघींचा जवळजवळ सारखा, सुमारे १० सेंटिमीटर.
२. अन्न : दोघींचे मुख्यतः गवताचे बी.
३. घरटे : दोघींचे गवताचे, गोल.
४. नराचा रंग : एकीचा लाल, वर पांढरे ठिपके. दुसरीचा हिरवा-पिवळा, कुशीवर पट्ट्या.
५. रंगबदल : लाल मुनियाचा नर हंगामाप्रमाणे रंग बदलतो. हिरवीचा नर तसा बदलत नाही.
६. आवाज : दोघींचा बारीक आणि नाजूक. लांबून ऐकू येत नाही.
७. मुलूख : लाल मुनिया पाकिस्तान, भारत, नेपाळ, बांगलादेश येथपासून ब्रह्मदेश, थायलंड आणि पार जावा बेटापर्यंत. हिरवी मुनिया फक्त भारतात.
८. स्थिती : लाल मुनियाला सध्या धोका कमी. हिरवी मुनिया धोक्यात.

नावामागची गोष्ट

शास्त्रज्ञ प्रत्येक प्राण्याला दोन शब्दांचे नाव देतात. आपण आडनाव शेवटी लावतो, ते आधी लावतात. या दोघींचे आडनाव एकच आहे : अमांडावा. याच आडनावाची तिसरी बहीण आफ्रिकेत राहते.

अमांडावा हा शब्द आला कुठून? तो आला आपल्या अहमदाबाद शहराच्या नावावरून. जुन्या काळी ही रंगीत पाखरे अहमदाबादेहून पिंजऱ्यात घालून युरोपात पाठवली जात. तिकडच्या लोकांच्या तोंडी गावाचे नाव मोडतोड होऊन पाखराला चिकटले. १७५८ साली स्वीडनचे शास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी लाल मुनियाचे शास्त्रीय नाव ठेवले, तेव्हा तेच नाव घेतले. हिरव्या मुनियाला १७९० साली इंग्लंडच्या जॉन लॅथम यांनी नाव दिले. तिचे नाव अमांडावा फॉर्मोसा. फॉर्मोसा या लॅटिन शब्दाचा अर्थ सुंदर.

आता विचार करा. एकीच्या नावात बाजाराचे गाव आहे आणि दुसरीच्या नावात सौंदर्य आहे. या दोन गोष्टींनीच पुढे त्यांचा घात केला.

लाल यादी म्हणजे काय?

कोणता प्राणी धोक्यात आहे आणि कोणता नाही, हे कसे ठरवतात? १९४८ साली एक आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिला थोडक्यात आययूसीएन म्हणतात. ही संस्था जगातील प्राणी आणि वनस्पतींची एक यादी ठेवते. तिचे नाव लाल यादी. (लाल यादी म्हणजे लाल मुनियांची यादी नव्हे, बरं का! लाल रंग इथे धोक्याची खूण म्हणून घेतला आहे.)

या यादीत पायऱ्या आहेत. सर्वांत वरच्या पायरीवर ज्यांची फारशी काळजी नाही असे जीव. त्याखाली धोक्याच्या जवळ आलेले. मग असुरक्षित, त्याखाली संकटात असलेले, त्याखाली अतिशय संकटात असलेले. अगदी तळाला जे रानात उरले नाहीत किंवा कायमचे नाहीसे झाले ते.

लाल मुनिया वरच्या, म्हणजे कमी काळजीच्या पायरीवर आहे. हिरवी मुनिया असुरक्षित या पायरीवर आहे आणि तिची संख्या घटत आहे, असे ही यादी सांगते. अजून ती तळाला गेलेली नाही. म्हणजे तिला वाचवायला वेळ आहे. पण पायऱ्या उतरायला वेळ लागत नाही. चढायला लागतो.

एक पुष्कळ, दुसरी थोडी, असे का?

पहिले कारण मुलूख. समजा, एका माणसाची दहा गावांत वावरे आहेत आणि दुसऱ्याचे एकाच गावात एकच. गारपीट झाली तर पहिल्याचे एक वावर जाईल, नऊ उरतील. दुसऱ्याचे मात्र सगळेच जाईल. लाल मुनिया पहिल्या माणसासारखी आहे, हिरवी दुसऱ्यासारखी. जिचा मुलूख लहान, तिला प्रत्येक घाव मोठा.

दुसरे कारण पिंजरा. दोन्ही मुनिया सुंदर, म्हणून दोघींना पकडले गेले. पाखरे पकडणारे जाळी टाकतात. जवळ पिंजऱ्यात एक मुनिया ठेवतात. तिचा आवाज ऐकून थवा खाली उतरतो आणि जाळ्यात सापडतो. थव्याने राहणे एरवी फायद्याचे असते, इथे तेच घातक ठरते. एका फटक्यात सगळा थवा जातो. पुढे दाटीवाटीने भरलेल्या पिंजऱ्यातून लांबचा प्रवास. त्यात पुष्कळ पाखरे वाटेतच मरतात. बाजारात एक मुनिया दिसते तेव्हा तिच्यामागे न दिसणाऱ्या मेलेल्या मुनिया असतात.

गंमत नाही, पण एक विचित्र गोष्ट सांगतो. पिंजऱ्यातून सुटलेल्या लाल मुनिया स्पेन, फिजी, हवाई अशा दूरच्या ठिकाणी रानात रुजल्या. पिंजऱ्याने तिचा मुलूख वाढवला. हिरव्या मुनियाच्या बाबतीत असे झाले नाही. परदेशात पिंजऱ्यात ती आहे, पण तिचे खरे घर भारतातच आहे आणि तिथेच ती कमी झाली.

तिसरे कारण गवत. पडीक जमीन नांगरली गेली, काठावरचे गवत गेले, झुडपे तुटली. गवताला आपण कधी संपत्ती मानलेच नाही. जंगल तोडले तर लोक विचारतात, गवत गेले तर कोणी विचारत नाही.

कायदा काय सांगतो?

आपल्या देशात १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून रानातल्या देशी पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आहे. मुनिया पकडणे, विकणे आणि घरी पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. पोपटाचेही तसेच. देशादेशांतील वन्यजीवांच्या व्यापाराबद्दल सायटीस नावाचा करार आहे. भारत १९७६ साली त्यात सामील झाला. हिरव्या मुनियाचे नाव त्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. म्हणजे परवान्याशिवाय ती एका देशातून दुसऱ्या देशात नेता येत नाही.

तरीही चोरून विक्री होते. त्यात एक फसवणूकही चालते. साध्या मातकट मुनियांना हिरवा, लाल, पिवळा रंग फासून विकतात. बिचारी पाखरे पिसे साफ करताना तो रंग पोटात घेतात. म्हणून बाजारात भडक रंगाचे पाखरू दिसले तर भुलू नये.

दया म्हणून विकत घेतली तर?

इथे पुष्कळांचे चुकते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपल्याला वाटते, बिचारी पाखरे पिंजऱ्यात आहेत, पैसे देऊन घ्यावीत आणि सोडून द्यावीत, पुण्य लागेल. मन चांगले आहे. पण हिशेब मांडून बघा.

आपण पाच पाखरांचे पैसे दिले. विकणाऱ्याचा पिंजरा रिकामा झाला आणि खिसा भरला. आता तो काय करील? पुन्हा जाळे टाकील आणि पुन्हा पाच आणील. किंबहुना जास्तच आणील, कारण माल खपतो हे त्याला कळले. ती पाच आणताना वाटेत मेली ती वेगळीच. सोडलेल्या पाखरांचेही सगळे चांगले होते असे नाही. उपाशी, थकलेले, पंख मोडलेले पाखरू दुसऱ्याच गावात सोडले तर ते कावळ्याच्या किंवा मांजराच्या तोंडी पडते.

म्हणून खरी दया म्हणजे विकत न घेणे. कोणी घेतच नसेल तर कोणी पकडणारही नाही. असे पक्षी विकताना दिसले तर वनविभागाला कळवावे. महाराष्ट्र वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे. विकणाऱ्याशी भांडायला लहान मुलांनी जाऊ नये, घरच्या मोठ्या माणसांना सांगावे.

आपल्या धुऱ्यावरची गोष्ट

आता पालकांसाठी दोन शब्द. आपण वाचायला थांबलात, म्हणून आदराने लिहितो.

पहिली शंका अशी, की पाखरे पीक खातात. काही खातात, हे खरे. पण आपल्याकडची मुख्य पिके कापूस, तूर, सोयाबीन, हरभरा. मुनियाची चोच या दाण्यांसाठी नाही, गवताच्या बारीक बीसाठी आहे. त्यामुळे या पिकांना तिचा त्रास नाही. उलट गवताचे बी खाते म्हणजे थोडे तणाचे बीच खाते.

दुसरी गोष्ट तणनाशकाची. निंदायला माणूस मिळत नाही, मजुरी परवडत नाही, म्हणून फवारणी करावी लागते, हे आम्ही घरी पाहतो. पिकात करावी लागते तिथे करावी. पण धुरा आणि नाल्याचा काठ यांवर फवारून काय मिळते? तिथे पीक नाही. तिथले गवत काळी माती धरून ठेवते. ते गेले की पावसाच्या पाण्याबरोबर धुराही नाल्यात जातो. पावसाळ्यात त्या गवतात मुनियाची घरटी असतात. गवताला बी धरायच्या आधीच ते जाळून टाकले, तर पिल्लांच्या तोंडचा घास गेला.

तिसरी गोष्ट उन्हाळ्यात धुरे पेटवण्याची. त्या वेळी मुनियाची घरटी नसतात. पण उन्हाळा हा तिच्या उपासमारीचा काळ. वाळलेल्या गवताखाली पडलेले बी आणि लपायची जागा, दोन्ही आगीत जाते. शिवाय आग बांधावरच्या बाभळीला, बोरीला लागते ती वेगळी. आपल्या जिल्ह्याची गवळाऊ गाय गवतावरच नावारूपाला आली. गवत राखायची रीत आपल्या वाडवडिलांना ठाऊक होती. नाल्याच्या काठची एक पट्टी दिवाळीपर्यंत कापली नाही आणि उन्हाळ्यात जाळली नाही, तरी पुष्कळ होईल.

आपण मुलांनी काय करावे?

१. सकाळी शाळेत येताना नाल्याच्या गवताकडे शांतपणे पाहावे. वारा नसताना तुरे हलले तर तिथे पाखरे आहेत असे समजावे.
२. वहीत नोंद ठेवावी : तारीख, जागा, किती पाखरे, काय करत होती.
३. घरटे दिसले तर जवळ जाऊ नये, हात लावू नये. वाट तुडवली की मांजराला आणि सापाला वाट सापडते.
४. गलोल घरी ठेवावी. नव्हे, ठेवूच नये.
५. जत्रेत किंवा बाजारात पिंजऱ्यातल्या पाखरासाठी आईबाबांकडे हट्ट धरू नये.
६. कधी कुठे हिरवी पाठ, पिवळे पोट आणि कुशीवर पट्ट्या असलेले पाखरू मोकळे दिसले, तर हाकलू नये. जागा आणि तारीख लिहून गुरुजींना दाखवावी. ती नोंद फार मोलाची ठरेल.

शेवटी एवढेच. आज लाल मुनिया पुष्कळ आहे, म्हणून आपण निश्चिंत राहतो. पण पिंजरा आणि नाहीसे होणारे गवत ही दोन संकटे दोघींवरही सारखीच आहेत. लाल मुनियाचा मुलूख मोठा आहे, एवढाच तिला आधार. तो आधार आपल्या तालुक्यात धुऱ्याएवढ्या रुंदीचा आहे. तो टिकवणे आपल्या हातात आहे. हिरवी आपल्याला वाचवता आली नाही असे पुढच्या मुलांनी म्हणू नये, आणि लालही गेली असे तर मुळीच म्हणू नये.

सांगा पाहू

१. लाल मुनियाची मादी कोणत्या दोन खुणांवरून ओळखाल?
२. अमांडावा हे नाव कोणत्या शहरावरून पडले?
३. हिरवी मुनिया जगात कोणत्या देशात आढळते?
४. मुनिया पावसाळ्यात घरटे का करते?
५. पिंजऱ्यातले पाखरू विकत घेऊन सोडले तर नुकसान कसे होते? घरी आजी-आजोबांना समजावून सांगा आणि ते काय म्हणाले ते वहीत लिहा.